बिब्बा उतला

"यही है?" मॅडमनी विचारलं, आणि माझ्या नातीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याच सकाळी मी तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या. लाल रिबिनी बांधून. त्या वेण्या हलवत ती म्हणाली, "हाँ, यही है. यही बोलती है, टाँग तोड़ के हाथ में दूँगी."

मॅडमनी लिहून घेतलं. दारात एक सरदार हवालदार उभा होता, तो छताकडे बघायला लागला.

"और क्या बोलती हैं?"

पाच वर्षांच्या पोराला खुर्चीवर बसवून, हातात बिस्किट देऊन, इतकं मन लावून कोणी ऐकत नाही. आमच्या घरी तर नाहीच. पोर रंगात आली. "बोलती है, चमड़ी उतार दूँगी. बोलती है, कान के नीचे आवाज़ निकालूँगी. बोलती है, उलटा टाँग के नीचे से मिर्ची का धुआँ दूँगी." मग जरा आठवून म्हणाली, "और रोज़ बोलती है, खाऊँ क्या तुझे."

मॅडमचं पेन थांबलं. "खाऊँ?"

"हाँ. फिर गाल काटती है."

मी जे जे मराठीत बोलत आले होते ते सगळं तिनं एक शब्द न गाळता हिंदीत उतरवलं. शाळेच्या परीक्षेत असं भाषांतर केलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. आमच्याकडे ही वाक्यं चहापाण्यासारखी घरोघरी असतात, कुणी वळून बघत नाही. पण त्या सरकारी खोलीत, हिंदीत, एकाखाली एक ऐकली तेव्हा माझंच मत झालं की या बाईला आत टाकलं पाहिजे.

मग मॅडमनी तिचा डावा बूट आणि मोजा काढायला लावला. टाचेपासून पोटरीपर्यंत काळा पट्टा, मधे गुलाबी कातडं, कडेला खपली. तापलेलं उलथनं टेकवल्यासारखा.

"यह किसने किया?"

"आजी ने."

"किससे?"

"काली चीज़ से. गरम करके."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बच्ची आज आपके साथ नहीं जाएगी."

आता मी त्या खुर्चीपर्यंत कशी पोचले ते सांगते.

माझा मुलगा चंदीगडला सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला होता. काचेच्या बाटल्यांमध्ये जंतू वाढवायचा. गावात मी नुसतंच 'मोठा साहेब आहे' म्हणायची, कारण जंतू पाळण्याचा कोणी पगार देतं यावर आमच्या सातारा जिल्ह्यात कोणाचा विश्वास बसला नसता. सून दुसऱ्यांदा गरोदर होती. त्याआधी मधलं एक पोट पडलं होतं. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला मोठ्या हॉस्पिटलात आडवं करून ठेवलं. खाटेवरून उठायचं नाही, दगदग नाही, धक्का नाही, वाईट बातमी कानावर पडू द्यायची नाही. अतिरेक्यांच्या त्या दिवसांत पंजाबात वाईट बातमी कानावर कशी पडू द्यायची नाही, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. मुलानं तिचा रेडिओ घरी आणला आणि पेपर बंद केला.

घर आणि नात सांभाळायला मी गावाहून आले. म्हैस जावेकडे सोपवली. जाताना जाऊ म्हणाली, "म्हशीची काळजी करू नका. तिकडं जरा गोड बोला." मला तिचा रागच आला होता.

नातीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायची हिंदी. मी "जेवलीस का" विचारलं की ती "खा लिया" म्हणायची. मी म्हणायची, "मराठीत बोल, नाहीतर तंगडं मोडून हातात देईन." ती "क्या यार आजी" म्हणून पळायची. आजीला यार म्हणणारं पोर आमच्या खानदानात ते पहिलंच.

हॉस्पिटलात वर मुलांना सोडत नसत. म्हणून संध्याकाळी मी नातीला घेऊन खालच्या हिरवळीवर उभी राहायची. सुनेची खाट वरच्या मजल्यावर खिडकीशी होती. ती मान उचलायची, हात हलवायची. खालून पोर हात हलवायची. एवढंच. बस लवकर बंद व्हायच्या म्हणून आम्ही लगेच परत फिरायचो. मुलगा सांगायचा, त्या हात हलवण्यावर ती पुढचा दिवस ढकलते. मला ते जरा नाटकी वाटायचं. मी स्वतः नांगरटीच्या दिवसांत शेतावर बाळंत झालेली बाई.

त्यातच पोरीच्या टाचेत काटा मोडला. क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत बाभळी होत्या, तिकडं त्यांना कीकर म्हणतात. काटा आत राहिला, टाच ठणकायला लागली. मुलगा म्हणाला, "आई, डॉक्टरला दाखवू." मी म्हटलं, "तू तुझे जंतू सांभाळ." माझ्या पिशवीत बिब्बे होतेच. गावाहून निघताना मी लोणच्याच्या आधी बिब्बे भरते. दिव्यावर बिब्बा तापवायचा, दाभण टोचायचं, काळं तेल सुटतं त्याचा काट्यावर चटका द्यायचा. माझ्या चार पोरांना दिलेत, गड्यांना दिलेत, म्हशीलाही दिलाय. पण पोर हलली. तेल टाचेवरून घोट्यावर आणि घोट्यावरून पोटरीवर गेलं. बिब्बा कुणाला उततो, कुणाला नाही. तिला उतला. पाण्यानं भरलेले फोड आले, फुटले, मग काळं पडलं. काटा मात्र निघाला. हे मी मॅडमना सगळ्यात आधी सांगितलं होतं. त्यांना काट्यात रस नव्हता.

शाळेत नाच बसवायचा म्हणून बाईंनी मुलांना बूट-मोजे काढायला लावले. पट्टा दिसला. त्या बाईंनी पोरीला बाजूला घेतलं आणि विचारलं, आणि पोरीनं बिब्ब्याबरोबर माझा सगळा शब्दकोश त्यांच्यापुढे उघडला. बाईंनी मुख्य बाईंना सांगितलं, मुख्य बाईंनी पोलिसांना फोन केला. मी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी गेले तर तिथं जीप उभी. त्या दिवसांत कुठं बेवारशी डबा दिसला तरी जीप यायची, म्हणून मी शेजारी उभ्या बायकांना म्हटलं, "कुणाच्या पोरानं दप्तरातून काय आणलं कोण जाणे." आणलं होतं माझ्याच पोरीनं.

जीपमधून आम्हा दोघींना या मॅडमकडे आणलं. पोलीस तक्रार घेतात, पण पोराचं पुढं काय करायचं ते अशा मॅडम बघतात, हे मला तेव्हा कळलं. चाळिशीच्या, सुती साडी, केस घट्ट बांधलेले. ओरडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. आधी माझा कागद भरायला घेतला. नाव, गाव झालं. मग विचारलं, "आपकी शिक्षा?"

मी मनात म्हटलं, बाई सरळ आहे, उगाच आडवळणं घेत नाही. म्हटलं, "वो तो आप बताओगी."

"मैं कैसे बताऊँ? आपकी शिक्षा कहाँ तक हुई?"

"अभी तो शुरू हुई."

हवालदाराला खोकला आला. मॅडम पेन धरून बसल्या. शेवटी म्हणाल्या, "स्कूल, माताजी, स्कूल. कितना पढ़ी हैं?"

"चौथी."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला त्या दिवशी समजलं. माझ्या आयुष्यात दोन्ही एकाच मास्तरच्या हातून मिळालेलं, त्यामुळे फार फरक कधी जाणवला नव्हता.

"बच्ची को मारती हैं?"

"हाँ."

"किस चीज़ से?"

"हाथ से."

"रोज़?"

"रोज़ कहाँ टाइम मिलता है."

खरं बोलणाऱ्या माणसानं सरकारी खोलीत जरा दमानं घ्यावं, एवढं चौथीपर्यंत शिकवत नाहीत. मॅडमनी तेही लिहिलं. मग विचारलं, "आपको बचपन में किसी ने मारा था?"

"किसने नहीं मारा?" मी म्हटलं आणि कोपराजवळचा डाग दाखवला. आईनं भाकरीचं उलथनं लावलं होतं, दूध उतू गेलं म्हणून. मॅडमनी विचारलं, "क्यों?" मी सांगितलं. आमच्या गावात डाग दिसला की लोक कशानं दिला ते विचारायचे. का दिला, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कुणी विचारलं.

हवालदाराला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "मॅडम जी, हमारी बीजी भी यही बोलती थीं, टाँगें तोड़ दूँगी. सब की माँ बोलती है."

"आपकी टाँग पर निशान है?"

"नहीं जी."

"इसकी टाँग पर है," मॅडम म्हणाल्या. तो परत छताकडे बघायला लागला.

मुलाला बोलवावं तर संस्थेतून फोनवर कळलं, साहेब हॉस्पिटलला गेले. तेवढ्यात बाहेर धावपळ झाली. शहरात कुठं तरी गोळीबार झाला होता, कर्फ्यू लागणार होता, दुकानांची शटरं धडाधड खाली येत होती. मॅडमनी घड्याळ बघितलं. बाप सापडत नाही, आई खाटेवर, आणि घरात एकच मोठं माणूस, तेच ज्याच्यावर तक्रार. त्यांनी पोरीला मुलांच्या सरकारी घरी पाठवायचं ठरवलं. आज विचार केला तर त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तेव्हा मात्र मी त्यांना मनात ज्या शिव्या दिल्या, त्यांचं भाषांतर नातीनं केलं नाही हे नशीब.

पोर आधी खुशीत होती, जीपमध्ये पुढे बसायला मिळणार म्हणून. जीपपाशी तिच्या लक्षात आलं की मी चढत नाही. तिनं माझा पदर धरला. मॅडमनी हळूच तिची बोटं सोडवली. तेव्हा ती मॅडमकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा अख्खं मराठी वाक्य बोलली, एकदम शुद्ध, आमच्या गावाकडच्या हेलात.

"तंगडं मोडून हातात देईन."

"क्या बोल रही है?" मॅडमनी मला विचारलं.

मी म्हटलं, "घर जाना है, बोलती है."

हे भाषांतर मी केलं आणि ते बरोबर होतं, असं माझं अजून मत आहे.

मुलगा कर्फ्यूचा पास काढून घरी आला. मी सगळं सांगितलं.

"आई, मारते म्हणालीस?"

"मारते ना."

"अगं, पण तिथं कशाला सांगायचं?"

"मग काय खोटं बोलू? तुला नाही मारलं मी? वाया गेलास?"

"मारलंस. आठवतंय मला," तो म्हणाला आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. सोडून झाल्या तरी वर बघेना. मी चहा ठेवायला आत गेले.

खरी पंचाईत पुढे होती. सुनेला कळलं असतं की पोर सरकारनं नेलीय, तर डॉक्टरांनी सांगितलेली सगळी पथ्यं एका झटक्यात मोडली असती. मुलगा तिला म्हणाला, कर्फ्यू आहे, पोरीला आणता येत नाही. कर्फ्यू माझ्या उपयोगी पडावा, अशी ती पहिली आणि शेवटची वेळ. पण कर्फ्यू काही जन्मभर राहणार नव्हता. तो उठला की सून संध्याकाळी मान उचलून हिरवळीवर बघणार आणि खाली मी एकटी उभी असणार. मुलगा कचेरीत जाऊन हातापाया पडला. त्यांनी सांगितलं, बोर्ड ठरवेल, आणि बोर्डाच्या आधी घर बघावं लागेल.

कर्फ्यू थोडा वेळ सैल झाला तेव्हा मॅडम आल्या. बरोबर तोच हवालदार. मॅडमनी घर बघितलं म्हणजे खरोखर बघितलं. पोरीची गादी हातानं दाबून बघितली. तांदळाचा डबा उघडला, दुधाचं पातेलं उघडलं. न्हाणीघराला बाहेरून कडी आहे का ते बघितलं. मिरच्यांचा डबा उघडून शिंकल्या. मग मान वर करून छत बघितलं, उलटं टांगायला हूक आहे का. हूक होता. पंख्याचा.

शेजारच्या सरदारणीला बोलावून विचारलं. ती माझी चांगली मैत्रीण, रोज भांडायचो. ती म्हणाली, "ज़बान की बड़ी कड़वी है जी. मुझे तो इससे भी बुरा बोलती है."

"और बच्ची के साथ?"

"बच्ची को तो खिला-खिला के मार देगी."

मॅडमनी लिहायला सुरुवात केली. सरदारणीनं कपाळाला हात लावला.

"वह काली चीज़ दिखाइए," मॅडम मला म्हणाल्या.

मी डबा आणला. हवालदारानं आत डोकावून बघितलं. "ओ जी, यह तो भिलावा है. धोबी इससे कपड़ों पर निशान लगाता है."

"और इन्होंने बच्ची पर लगाया," मॅडम म्हणाल्या.

मी सांगायला लागले. काटा, चटका, पोर हलली, उतला. 'उतला' हा शब्द हिंदीत काही केल्या येईना. मी म्हटलं, "उबल गया." मॅडम म्हणाल्या, "बच्ची उबल गई?" मी म्हटलं, "बच्ची नहीं, बिब्बा." त्या म्हणाल्या, "तो उबलता हुआ लगाया?" जितकं समजावत गेले तितकी फासावर चढत गेले. मुलगा मधे बोलायला लागला तर त्याला गप्प केलं. "मैं इनसे सुनूँगी."

मग माझं डोकं फिरलं. मी गॅस पेटवला, चिमट्यात बिब्बा धरला, दाभण टोचलं आणि तेल आपल्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओढलं. सगळ्यांसमोर.

"अब देखो," मी म्हटलं. "आज कुछ नहीं दिखेगा. दो दिन में दिखेगा. मैंने लोहा नहीं लगाया."

"आई," मुलगा म्हणाला आणि त्यानं गॅस बंद केला.

मॅडम पहिल्यांदा चिडल्या. "आप पागल हैं? इससे क्या साबित होगा?" हवालदाराला त्यांनी डबा जप्त करायला सांगितला. मी त्याला बजावलं, "तेल को हाथ मत लगाना." तो म्हणाला, "माताजी, हम किसान आदमी हैं," आणि तेल सुटलेला बिब्बा अंगठ्यानं दाबून डब्यात टाकला.

आता माझी मखलाशी बघा. मला आयुष्यात कधी बिब्बा उतला नव्हता. मला वाटलं होतं, दोन-चार फोड येतील, शोभेपुरते. पण वय झालं की अंगही उलटतं. दुसऱ्या दिवशी हात दुधी भोपळ्याएवढा झाला. फोड असे की त्यांना फोड म्हणणं म्हणजे अपमान. डोळे सुजले, तोंड सुजलं. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. सरदारणी रोज डोकावून "मर गई कि है?" विचारायची आणि तुपाची वाटी ठेवून जायची. पोरीला किती आग झाली असेल, ते मला तेव्हा कळलं. ती रडली होती तेव्हा मी म्हटलं होतं, एवढ्याशाला काय रडतेस. मी स्वतः तर बादलीत हात बुडवून बसले होते आणि मुलाला म्हणत होते, पंखा वाढव.

बोर्डापुढे जायच्या दिवशी नाक्यावर शिपायानं रिक्षा थांबवली. माझा हात बघून म्हणाला, "माताजी, बम बनाती हो क्या?" मुलानं घाईघाईनं कागद दाखवले. त्या दिवसांत अशा थट्टेला हसायचं की नाही ते समोरच्याच्या बंदुकीवर अवलंबून असायचं. आम्ही हसलो.

बोर्ड म्हणजे मला लाकडी फळा वाटला होता. तर टेबलामागे तीन माणसं बसली होती. मधे एक म्हातारे साहेब, बाजूला दोन बायका. मॅडमनी सगळं वाचून दाखवलं. काही सोडलं नाही आणि काही वाढवलं नाही. तंगडी, चामडी, मिरच्यांची धुरी, हूक, खिला-खिला के मार देगी, सगळं. मग वाचलं की घरात अन्न आहे, अंथरूण आहे, बाहेरून कड्या नाहीत. हॉस्पिटलातल्या कातडीच्या डॉक्टरांनी पाय बघून सांगितलंय की जखम लोखंडाची नाही, भिलाव्याची आहे. मग मला हात वर करायला सांगितलं. एका बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

साहेबांनी मॅडमना विचारलं, "यह औरत खतरनाक है या बेवकूफ़?"

मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "साहब, दूसरी वाली बात है."

बेवकूफ ठरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही. मी हातही जोडले असते, पण एकच हात जोडता येत होता.

"और आपको क्या हुआ?" साहेबांनी दाराकडे बघून विचारलं. हवालदार अंगठा मुठीत लपवत होता. अंगठा टोमॅटोसारखा झाला होता. "भिलावा, जी," तो म्हणाला. "माताजी ने मना किया था."

पोरीला बापाच्या ताब्यात द्यायचं ठरलं. अटी होत्या. पायाचा इलाज डॉक्टरकडे. घरात बिब्बा ठेवायचा नाही. मॅडम वर्षभर येऊन बघणार, पोरीशी एकटीशी बोलणार. आणि दादीनं तोंड सांभाळायचं. हे शेवटचं साहेबांनी खास लिहायला लावलं.

पोरीला आणलं. कुणाचा तरी ढगळ फ्रॉक अंगात, आणि वेण्या गायब. उवा झाल्या म्हणून तिथं सगळ्यांचे केस बारीक कापले होते, तिचेही कापले. ती मला येऊन चिकटली नाही. आधी माझ्या हाताकडे बघितलं. "आजी, तेरा भी उतला?" म्हणाली. मग मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात, "वहाँ की आंटी भी बोलती है, टाँग तोड़ दूँगी."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी वही काढली आणि तेही लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी त्या बाईला मानते.

त्या संध्याकाळी कर्फ्यू नव्हता. सून खिडकीतून बघणार होती, आणि पोरीच्या डोक्यावर केस नव्हते. हवालदारानं खिशातून आपला मोठा रुमाल काढला आणि पोरीच्या डोक्याला बांधला, त्यांच्याकडच्या लहान मुलांना बांधतात तसा, घट्ट. डाव्या हातानं गाठ मारली, उजवा अंगठा वापरता येत नव्हता. आम्ही तशाच हिरवळीवर गेलो. खिडकीत मान वर झाली. पोरीनं हात हलवला. मीही हलवला, चांगला हात. वरून हात हलला, आणि बराच वेळ हलत राहिला.

सुनेनं मुलाला विचारलं, पोरीच्या डोक्याला काय बांधलंय. तो म्हणाला, आईनं तेल चोपडलंय. तिला लगेच पटलं. माझ्या नावावर काहीही खपतं.

पुढचं वर्ष मी मुक्यासारखं काढलं. पोर दूध सांडायची आणि मी तोंड उघडून तसंच मिटायची. ती माझ्याकडे बघत उभी राहायची, पुढचं वाक्य यायची वाट बघत. एकदा तिनंच आठवण करून दिली, "बोल ना, टाँग." मी म्हटलं, बोर्डानं बंदी घातलीय. मारायचंही सोडलं. मन बदललं म्हणून नव्हे, मॅडम येऊन एकटीला विचारणार म्हणून. भीतीनं सुटलेली सवय परत लागली नाही एवढंच. मॅडम येत राहिल्या. चहा कधी घेतला नाही. तांदळाचा डबा दर वेळी उघडला.

सुनेला दिवस भरून मुलगा झाला. शेवटच्या खेपेला मॅडम आल्या तेव्हा तो रांगत होता. मी हवालदाराचा रुमाल धुऊन ठेवला होता, म्हटलं त्याला द्या. मॅडमनी रुमाल हातात घेतला नाही. म्हणाल्या, तो सुट्टीवर गावी गेला होता, तिथं अतिरेक्यांनी त्याला घराच्या अंगणात गोळ्या घातल्या.

त्या वर्षातून मॅडम जगल्या. नात जगली, मी जगले, सून जगली, तिच्या पोटातलं पोर जगलं. हवालदार जगला नाही.